पंधरा दिवसांची गाठ

मला झालं होतं त्याला आजार म्हणावं की नाही, हे मला आजही नीट ठरवता येत नाही. ताप नव्हता, दुखत नव्हतं, मी रोज कामावर जात होते. डाव्या भुवईच्या वर, कपाळावर, बोराएवढी एक कडक गाठ होती, एवढंच. पण त्या गाठीपायी मी नागपूरच्या एका सरकारी इस्पितळात पुन्हा पुन्हा गेले, आठ दिवस तिथं राहिले, आणि घरी परतले तेव्हा घरातलं एक माणूस माझ्यासाठी पूर्वीचं उरलं नव्हतं. ते माणूस म्हणजे माझे वडील. ते गेल्या पावसाळ्यात वारले. ते असते तर मी हे लिहिलं नसतं.

मार लागून अंगावर काहीतरी राहून जातं, ते जिवावर बेतणारं नसतं, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही. असं काही ज्यांच्या अंगावर आहे त्यांच्यासाठी मी लिहिते आहे. औषधांची माहिती इथं फारशी सापडणार नाही. ती डॉक्टरांकडे मिळते. मिळता मिळता ती कुठं अडते, तेवढं मला माहीत आहे.

रॅकचा कोपरा

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात मदतनीस म्हणून लागले त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. मासिकांचे बांधीव खंड वरच्या फळीवर ठेवताना शिडीवरून पाय सुटला आणि लोखंडी रॅकचा कोपरा कपाळाला लागला. रक्त आलं नाही. अंड्याएवढं टेंगूळ आलं, डोळा काळानिळा झाला. आमच्या वस्तीतले डॉक्टर म्हणाले, उतरेल. ते उतरलं, पण सगळं नाही. शेवटी जी बोराएवढी गाठ उरली ती चार वर्षं तशीच होती.

मला तिचा त्रास नव्हता. वाचताना माझं बोट आपोआप तिथं जायचं. आमचे ग्रंथपाल म्हणायचे, "प्रभाताईंचं बोट कपाळावर गेलं की समजावं, पुस्तक चांगलं आहे." कॉलेजातली मुलं, प्राध्यापक, समोरचा चहावाला, सगळ्यांनी ती गाठ चार वर्षं रोज पाहिली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते किती तकलादू पायावर उभं होतं ते त्यावरून कळेल.

फोटो

माझे वडील नगरपालिकेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. छप्पन्न साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर होते, असं आई सांगते. आमच्या घरी सकाळी वंदना झाल्याशिवाय चहा होत नसे. पाच शीलं म्हणताना चौथ्या शीलाशी, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाशी, बाबांचा आवाज किंचित खाली येऊन सावकाश व्हायचा. त्यांच्याच शाळेत तिसरीत असताना मी शेजारणीचं गणित उतरवलं होतं. त्यांनी मला वर्गासमोर उभं करून माझ्याच तोंडून ते सांगायला लावलं. मला मारलं नाही. संध्याकाळी त्यांनी मला गोष्टींचं पुस्तक आणून दिलं आणि म्हणाले, "खरं बोलायले लागते तो वेळ लई छोटा असते, प्रभा. तेवढा निभावून न्यायचा." मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. मी वाचायला शिकले ती त्यांच्यामुळे, आणि कशावर विश्वास ठेवायचा तेही त्यांनीच शिकवलं.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात कुहीकडचं एक स्थळ आलं. मुलगा पोस्टात होता. बाबांनी मला सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत नेऊन फोटो काढवला. फोटो आणायला ते एकटेच गेले आणि आणल्यावर थेट पाकिटात घालून पाठवूनही दिला. मी पाहायला मागितला तर म्हणाले, "चांगला आला. पोस्टाची वेळ होऊन राहिली होती."

पंधरा-वीस दिवसांनी मंडळी पाहायला आली. मुलगा, त्याची आई आणि मामा. हे मामाजी सरकारी इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर कारकून होते. मी चहा ठेवून बसले. मुलाच्या आईनं माझ्याकडं पाहिलं, पिशवीतून फोटो काढला आणि माझ्या चेहऱ्याशेजारी धरला.

"फोटोत तं हे नाही दिसत, गुरुजी."

फोटो माझ्यासमोरच होता. त्यातलं कपाळ गुळगुळीत होतं. स्टुडिओत काचेमागं बसून एक जण बारीक टोकाच्या पेन्सिलीनं निगेटिव्हवरचे मुरूम, डाग मिटवायचा, ते मी फोटो काढायच्या दिवशी पाहिलं होतं. त्यानं माझी गाठ पुसली होती. त्याला कोणीतरी तसं सांगितलं असणार.

"अवो, हे तं आता झालं," बाबा म्हणाले. "पंधरा दिवस झाले. ग्रंथालयात रॅक लागला कपाळाले. उतरून राहिलं हळूहळू."

रॅक खरा होता. कोपरा खरा होता. त्यांनी फक्त चार वर्षं काढून टाकली होती.

सगळे माझ्याकडं पाहत होते. मी काही बोलले नाही. बोलायला लागणारा वेळ लहान होता, आणि तो मी घालवला. हेही लिहायला हवं.

मंडळी गेल्यावर मी विचारलं, "फोटो असा करायला कोणी सांगितलं?"

"स्टुडिओवाले समद्यांचेच करतात."

"बाबा, हा मुरूम नाही."

ते खिडकीशी उभे होते. "चार वर्ष सांगितलं असतं तं कप उचलायच्या आधी उठले असते. आतापावेतो किती स्थळं आली ते तुले माहीत नाही, मले माहीत आहे. फोटो पाहून कागद वापस येत. आता तं ते बसले. मामाजी म्हणून राहिले, आमच्या इस्पितळात प्लास्टिक सर्जरीचे मोठे डॉक्टर आहेत, दाखवून देतो. काढून टाकू. मंग फोटो खोटा कुठं राहिला?"

म्हणजे मी फोटोसारखं व्हायचं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोटोचं तिला माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिच्याबद्दल मला जे वाटलं ते निराळं होतं. तिनं मला कधी वर्गासमोर उभं केलं नव्हतं.

केसपेपर

मामाजींनी केसपेपर स्वतःच्या हातानं लिहिला. रांग नाही, धक्काबुक्की नाही. "आपलाच माणूस हाय," असं ते प्रत्येक दारावर सांगत गेले. 'किती दिवसांपासून' या रकान्यात त्यांनी बाबांना न विचारताच लिहिलं: १५ दिवस.

डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी गाठ दोन बोटांत धरून हलवली.

"पंधरा दिवस? कडक लागते आहे."

"हो साहेब," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मग आत्ता काही करायचं नाही. रक्त साकळलेलं आहे, शरीर आपणहून शोषून घेतं. चोळू नका, शेक द्या. दोन महिन्यांनी या. ताज्या सुजेवर मी सुरी चालवत नाही."

बाहेर आल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा गोंधळ दिसला. त्यांच्या खोट्यानं त्यांचीच वाट बंद केली होती.

मग दोन महिने घरात एक विचित्र खेळ चालला. आई तव्यावर मीठ भाजून फडक्यात बांधायची आणि मी शेक घेत बसायचे, जी गाठ चार वर्षांत हलली नाही ती हलावी म्हणून. मुलाची आई दर रविवारी यायची आणि अंगठा टेकवून माप घ्यायची. "कमी झाली वाटते का वं माय? मागच्या हप्त्यात माह्या नखाच्या इथपर्यंत होती." आई म्हणायची, "हो, थोडी दबली." एकदा तर मलाही वाटलं, दबली. खोटं घरात राहायला आलं की ते सांगणारेही त्यावर विश्वास ठेवू लागतात, हे मी त्या दिवसांत शिकले.

शाईचा आकार

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा डॉक्टरांसमोर बसलो. बाबा, मी, आणि केसपेपर घेतलेले मामाजी.

डॉक्टरांनी बराच वेळ गाठ तपासली. मग गळ्याखाली, कानामागं बोटं फिरवली. त्यांचा आवाज बदलला.

"मला हे बरं वाटत नाही. पंधरा दिवसांच्या सुजेत दोन महिन्यांत काहीच फरक नाही, आणि हाताला दगडासारखी लागते. मार लागल्याचं निमित्त असतं कधी कधी, आतलं कारण दुसरंच निघतं. आता थांबायचं नाही. गाठ आजूबाजूच्या भागासकट काढू आणि तपासायला पाठवू."

"कॅन्सर तं नाही साहेब?" मामाजींनी विचारलं.

"नाही म्हणायलाही तपासावं लागतं."

त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या कपाळावर आकार काढला. भुवईपासून केसांच्या जवळपर्यंत, मोठ्या पानासारखा. निब थंड लागत होतं. "इतकं घ्यावं लागेल. व्रण मोठा राहील, भुवई थोडी वर ओढली जाईल. पण अशा वेळी दिसण्याचा विचार नंतर."

मी बाबांकडं पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. ते शिकलेले होते, समोर काय चाललं आहे हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं, आणि तो आकार बोटाएवढा झाला असता. मी थांबले. ते बोलतील याबद्दल मला शंका नव्हती. खरंच नव्हती. खोलीतला पंखा करकरत होता.

त्यांनी मामाजींकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्हाले योग्य वाटते ते करा."

फोटो मी विसरले असते. पाहुण्यांसमोरचं बोलणंही विसरले असते. हे वाक्य मात्र माझ्या कानांतून आजवर गेलेलं नाही.

"डॉक्टर," मी म्हणाले, "ही पंधरा दिवसांची नाही. चार वर्षांची आहे."

मामाजींच्या हातातला कागद तसाच राहिला. "काय म्हणून राहिली वं पोरी?"

"चार वर्षं झाली. टेंगूळ उतरलं आणि हे उरलं. तेव्हापासून एवढंच आहे."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "मी तुमच्या कपाळावर काय काढलं ते कळलं का? हा कागद वाचून काढलं. कागदावर लिहिलेलं मला खरं मानावं लागतं." मग त्यांनी बाबांना आणि मामाजींना बाहेर थांबायला सांगितलं.

एकटी राहिल्यावर मी रडले नाही. डॉक्टर आधी रागावले, मग पाणी दिलं. "चार वर्षांत वाढली नसेल तर घाबरायचं कारण नाही. जुनं रक्त घट्ट होऊन बसलं आहे. आता नीट ऐका." त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, काहीच न करणं. गाठ राहील, त्रास देणार नाही. दुसरी, गाठीवरच कपाळाच्या आठीत लहान चीर देऊन काढणं. जागा बधिर करून होतं, पण बारीक रेघ राहते. तिसरी, केसांतून आत जाऊन काढणं. व्रण दिसत नाही, पण पूर्ण भूल लागते, आणि कपाळावरचा काही भाग कायमचा बधिर राहू शकतो. "लग्नाच्या मुली तिसरा मागतात," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला तिचा त्रास होतो का?"

चार वर्षांत हे मला पहिल्यांदा कोणी विचारलं. एका परक्या माणसानं.

सायकलरिक्षा

परतताना मी आणि बाबा एकाच रिक्षात होतो. कपाळावर शाई तशीच होती, लोक वळून पाहत होते. रामदासपेठ ओलांडल्यावर ते बोलले.

"लोकांसमोर बापाले खोटं पाडलं."

"तुम्ही मला कापू देत होता, बाबा."

"डॉक्टर कापतात ते बऱ्यासाठीच."

 घरी पोचल्यावर आई ओरडली, "हे काय काढून आणलं वं कपाळावर?" आणि खोबरेल तेल लावून पुसत बसली. दोन दिवस निळसर डाग राहिला.

आठवड्यानं मामाजींचा निरोप आला. गाठीचं काही नव्हतं, पोरीनं खरं सांगितलं तेही बरंच केलं, पण ज्या घरचे गुरुजी असे, तिथं सोयरीक कशी करावी. बाबांनी निरोप उभ्यानंच ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना झाली. चौथ्या शीलाशी त्यांचा आवाज नेहमीसारखाच खाली आला. मी म्हणायची थांबले. त्यांनी ते ऐकलं असणार. तेव्हापासून आम्ही एका घरात राहत होतो, एवढंच.

वॉर्ड

लग्न मोडल्यावर ऑपरेशनची गरज उरली नव्हती. तरी मी केलं. का केलं, हे नेमकं सांगता येत नाही. बोट कपाळावर गेलं की आता मला पुस्तक आठवत नव्हतं, ती खोली आठवायची. मी दुसरा मार्ग निवडला, गाठीवरूनच. डॉक्टरांनी दोनदा विचारून घेतलं. पुढं काही वर्षं आरशात रेघ दिसली की वाटायचं, केसांतून काढायला हवी होती. कोणी माझ्यासारखंच ठरवणार असेल, तर हे वाटणं आधीच हिशेबात धरावं.

सुईचं दुखणं मिनिटभराचं. नंतर फक्त ओढल्यासारखं होतं आणि कात्रीचा आवाज कानाशी येतो. भीती वाटली ती त्या आवाजाची. डॉक्टरांनी निघालेली गाठ वाटीत दाखवली. पिवळट, सुपारीच्या खांडासारखी. इतक्या लहान गोष्टीसाठी एवढं झालं, असं वाटून मला शरम वाटली. दोन दिवसांत मला घरी सोडणार होते, पण टाके थोडे चिघळले म्हणून आठ दिवस राहावं लागलं. तपासणीत काही वाईट निघालं नाही.

शेजारच्या खाटेवर कुहीजवळच्या एका खेड्यातली रुखमा होती. चुलीवर हात भाजून तिची बोटं एकमेकांना चिकटली होती, ती सोडवायला आणलं होतं. तिनं मला पहिल्या दिवशीच विचारलं, "हे पिलास्टिक सर्जरी म्हणतात तं पिलास्टिक कुठं लावतात वं बाई?"

"लावत नाहीत. नुसतं नाव आहे."

"हात्तिच्या! मी तं म्हणून राहिली होती, लाल लावा म्हणून सांगन. बांगडीले जोड होईन." मी हसले तसे टाके ओढले. "हसू नोको, हसू नोको," ती म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. पहाटे पाचला ताप मोजायला येणारी सिस्टर, दूध-पाव, बारा वाजेपर्यंत न येणारे डॉक्टर, हे सगळं तिच्यामुळं सरलं. इस्पितळात शेजारची खाट चांगली मिळाली तर अर्धा आजार तिथंच बरा होतो.

बाबा रोज चार वाजता यायचे. डबा ठेवायचे, स्टुलावर बसायचे. रुखमाला विचारायचे, "बोटं हालतात का गं? दुखते का?" तिची बोटं हलवून घ्यायचे, तिला धीर द्यायचे. माझ्या कपाळाबद्दल त्यांनी आठ दिवसांत एकदाही विचारलं नाही. सहाची घंटा झाली की निघायचे. चौथ्या दिवशी रुखमा म्हणाली, "तुहे बाबा देवमाणूस हायेत वं." मी म्हणाले, "हो."

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी

डॉक्टरांकडं जाताना सोबत कोणाला न्यायचं ते तुम्ही ठरवा. ओळखीचा माणूस रांग वाचवतो, पण त्याच्यासमोर जे बोलता येणार नाही ते डॉक्टरांपर्यंत पोचत नाही. केसपेपरवर काय लिहिलं आहे ते स्वतः वाचा. आणि कधीपासून, या प्रश्नाचं उत्तर तुमच्याऐवजी दुसऱ्याला देऊ देऊ नका, मग तो दुसरा कोणीही असो.

शेवटचं

माझं लग्न नंतर झालं नाही. त्याचं कारण कपाळ नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात बाबांच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मला आणि माझ्या मोठ्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं, दोन-तीन महिने. दादा म्हणाला, "बाबाले काही सांगायचं नाही. अल्सर आहे म्हणायचं." आईला, वहिनीला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना, सगळ्यांना त्यानं तेच सांगून ठेवलं. सगळे अल्सर म्हणत होते.

एका दुपारी मी एकटीच त्यांच्याजवळ होते. ते माझ्याकडं पाहत म्हणाले, "प्रभा, दादा अल्सर म्हणते. तू सांग."

मी सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं, महिने सांगितले. त्यांना खरं कळायचा हक्क होता, असं मी तेव्हा स्वतःला म्हटलं. पण ते सांगताना माझा आवाज किंचित खाली आला आणि सावकाश झाला, आणि मला तो ओळखीचा वाटला. ते खरं मी त्यांच्यासाठी सांगितलं, की त्या खोलीतल्या पंख्याखाली थांबलेल्या मुलीसाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.



"तुले आज तरी खोटं बोलता नाही आलं वं?" ते म्हणाले.

मग त्यांनी हात लांब केला. माझ्या कपाळावरच्या रेघेवर त्यांचं बोट पहिल्यांदा टेकलं. मी हलले नाही. आणि ते बोट तिथं असतानाही मी त्यांना माफ केलेलं नव्हतं.